काकांची दलदल आणि माझा कोरडा दिवस

घरमालक महिनाभर आफ्रिकेला गेले असताना मी त्यांची दलदल वाळवली.

चुकून नाही. नळ उघडा राहिला, बादली कलंडली, असलं काही नाही. शेजाऱ्याकडून फावडं मागून आणलं, शनिवार-रविवार खपलो, हाताला फोड आणले आणि काम झाल्यावर त्या चिखलापुढे उभं राहून स्वतःचा फोटो काढला. फोटोत मी हसतोय. बायको तो अजूनही पाहुण्यांना दाखवते.

तेव्हा मी न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला शिकून 'ते रापा' नावाच्या तिथल्या उपनगरात एका गोदामात कामाला लागलो होतो आणि रेसिडेन्सीची, म्हणजे कायम राहायच्या परवान्याची, वाट बघत होतो. ते रापातली दुकानं, गोदामं आणि दुधाच्या कारखान्याची धुराडी मागे टाकली की थोड्याच वेळात गाई सुरू होतात. गाई सुरू होतात तिथेच काकांचं, म्हणजे माझ्या घरमालकांचं, घर. घरामागे एक स्लीपआउट, म्हणजे अंगणातली सुटी खोली, ती माझी. आणि खोलीच्या मागे जमीन उतरत जाते तिथे ती दलदल. चहासारखं काळं पाणी, पाणकणसं, हारकेकेची तलवारीसारखी पानं, आणि मधोमध काहिकाटेआचं एक उंच झाड, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं.

खोली बघायला गेलो तेव्हाच मी विचारलं होतं, "काका, हे पाणी काढून का टाकत नाही?"

"तू समुद्र पाहिला का बे?" काकांनी विचारलं.

"हो."

"तो काढून टाकतात का कोणी?"

तरी खोली मला मिळाली. मूर्ख प्रश्न विचारणारा माणूस भाडेकरू म्हणून बरा, असं काकांचं मत होतं. शहाणे लोक न विचारता हात घालतात. माणसांविषयीचे त्यांचे अंदाज सहसा चुकत नसत. माझ्या बाबतीत मात्र साफ चुकला.

काका मूळचे नागपूरचे, भूगोलाचे मास्तर. भेटल्यावर जय भीम, निघताना जय भीम, आणि मधे जो काही वेळ मिळेल त्यात ओकावांगो. तरुणपणी ते बोत्स्वानात शाळामास्तर म्हणून गेले. ओकावांगो नदीचा त्रिभुज प्रदेश जिथे संपतो, त्या काठावरच्या गावात. दोन-तीन वर्षांसाठी गेलेले काका तिथे जवळजवळ सगळी नोकरी करून बसले. पुढे लेक न्यूझीलंडला शिकायला आली, इथेच राहिली, काकूंना इथे नर्सची नोकरी मिळाली, आणि काका मागोमाग आले. म्हणजे देहाने आले. बाकीचे काका तिकडेच राहिले होते, हे त्यांच्याशी कोणीही थोडा वेळ बोललं की कळायचं.

अंगावर कायम इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. आणि खाली हाफ पँट नि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. हिवाळ्यात जँडल्स जाऊन गमबूट येत, बाकी तसंच. काकू हटकत. "मास्तर, लोक काय म्हणतील? वरून हेडमास्तर अन् खालून कोळी!"

"वरचा भाग शाळेचा आहे," काका म्हणत, "खालचा पाण्याचा."

त्यांच्याकडे जेवायला बसणं हा एक तासच असायचा. ताटात भात पसरला की ते माझा हात धरत. "थांब. हा काय आहे?"

"भात."

"हे कालाहारीचं वाळवंट आहे." मग वरणाची वाटी उचलून एका कडेने हळूहळू ओतत. "अन् ही नदी. निघाली समुद्राकडे, पण वाट चुकली अन् वाळवंटात शिरली. आता बघ." वरण भातात बोटं पसरल्यासारखं पसरायचं, वाटा काढायचं, आणि बघता बघता मुरून जायचं. "सगळ्या नद्या समुद्राला मिळतात, असं मी फळ्यावर लिहायचो. अन् खिडकीबाहेर ही नदी वाळूत संपायची. पोट्टे हसायचे माझ्यावर. त्यांचं बरोबर होतं."

मग लोणच्याची फोड भातावर येई. ती वारूळ. वाळवी जमिनीतून वारूळ उभं करते; पूर आला तरी त्याचं डोकं पाण्यावर राहतं; त्यावर पाखरू येऊन बसतं, विष्ठेतून बी टाकतं; झाड उगवतं; झाडाभोवती माती धरते आणि बेट तयार होतं. "वाळवीने केलेलं बेट बे! आपण वाळवी दिसली की औषध मारतो." झाडं पाणी पितात आणि मीठ मागे ठेवतात, म्हणून अशा बेटाच्या कडा हिरव्यागार आणि मध्यभाग पांढरा, उघडा. एवढं सांगून ते मान खाली करून स्वतःचं टक्कल दाखवत. कडेने केस, मधे मीठ.

"मास्तर, ते वरण गार होऊन राहिलं," काकू म्हणत.

मला मात्र गार वरणाची सवय झाली. आजही गरम वरण ताटात पडलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

त्या प्रदेशाची जी गोष्ट त्यांना सगळ्यांत जास्त आवडायची ती पुराची. पाऊस पडतो दूर, अंगोलाच्या डोंगरांत. ते पाणी निघतं आणि चालत, रेंगाळत, पपायरसच्या, म्हणजे उंच लव्हाळ्याच्या, रानातून वाट काढत महिन्यांनी खाली पोचतं. तोवर इकडे पावसाळा संपलेला असतो, गवत वाळलेलं, हत्ती-म्हशी धुळीत उभे. आकाशात एक ढग नाही, आणि कोरड्या पात्रातून पूर येतो.

"शाळा सोडून द्यायचो मी त्या दिवशी," काका सांगत. "सगळा वर्ग पात्रात. पाणी येऊन राहिलं असायचं आपल्या समोर, अगदी हळू. पुढे फेस, काटक्या, वाळलेली पानं. त्याच्या पुढे जीव घेऊन पळणारे किडे. किड्यांच्या पुढे बगळे, टिपून टिपून खाणारे. अन् सगळ्यांच्या पुढे माझी पोट्टी, उलटं चालत. पाण्याकडे पाठ करायची नाही, असं त्यांचं होतं. घरी पाहुणा येतो ना, तसं."

त्यामुळे कोणी कशाचीही वाट बघत असलं की काकांचं एकच उत्तर असे: "अंगोलात पाऊस पडून गेला." माझ्या रेसिडेन्सीचं काही कळेना. दर आठवड्याला मी तोंड पाडून यायचो आणि काका म्हणायचे, "पडून गेला बे तुझा पाऊस. पाणी वाटेत आहे. पपायरस लागलं असेल मधे." मी चिडायचो. एकदा म्हणालो, "काका, इमिग्रेशनचं ऑफिस अंगोलात नाही." ते गंभीरपणे म्हणाले, "ते तुला काय माहीत?"

रेसिडेन्सी आली त्या दिवशी त्यांनी चहाचा कप वर करून "पुला!" म्हटलं. पुला म्हणजे तिकडच्या भाषेत पाऊस. पैशालाही पुलाच म्हणतात आणि शुभेच्छा देतानाही पुलाच. "जिथे पाणी नाही तिथेच नाण्याचं नाव पाऊस ठेवायची अक्कल येते," काका म्हणाले. त्या दिवशी जेवायला साओजी मटण होतं.

मटणावरून सांगायला हवं. कारण पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ त्यातच आहे.

पहिल्यांदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हाही मटणच होतं. मी चिंचवडचा, वळण लावलेला मुलगा. पहिल्यांदा वाढताना दोन फोडी घेतल्या आणि काकांनी "अजून?" म्हटल्यावर रीतीप्रमाणे म्हणालो, "नको नको, बास."

काकांनी पातेल्यावर झाकण घातलं आणि पातेलं फ्रिजमध्ये ठेवून आले.

मी बघत राहिलो. काकू चपात्या घेऊन आल्या. "अरे, मटण कुठं गेलं?"

"त्याला नको आहे."

"मास्तर, तसं म्हणायचं असतं!"

"मग खरंच नको असलं तर काय म्हणायचं असतं?"

काकूंनी लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवली. मी त्या दिवशी चपाती आणि लोणचं खाल्लं. काका समजावत होते, "तिकडे आग्रहाची पद्धत नाही. मगर आपल्याला एकदाच विचारते." इतकी वर्षं बाहेर काढल्यावर त्यांच्यातला आग्रह पार आटला होता. हो म्हणजे हो, नको म्हणजे नको. दुसऱ्यांदा विचारणं त्यांना त्या माणसाचा अपमान वाटायचा. पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं तेव्हा मी इतक्या जोरात "हो" म्हणालो की कुंपणापलीकडच्या गाईंनी माना वर केल्या.

घरातल्या प्रत्येकाला त्यांनी त्या पाणथळीतला एकेक प्राणी वाटून दिला होता. काकू मगर. "जन्मभर मला मगर म्हणत आला हा माणूस," काकू म्हणत, "अन् मीच याला खाऊ घालते." मी पाणघोडा. मला आधी वजनामुळे वाटलं. पण काकांच्या लेखी पाणघोडा हा फार मोठा कारागीर होता. तो रोज त्याच वाटेने पाण्यात जातो-येतो, त्याच्या वजनाने पपायरस दबतं, गाळ हलतो, आणि त्या वाटेने पाणी वाहायला लागतं. पाणघोडे नसते तर निम्मे प्रवाह बुजून गेले असते. "तू पण रोज एकाच वाटेने जात जा," त्यांनी मला बजावलं होतं. मी कामावर निघालो की खिडकीतून बघत, मी हिरवळीवरून त्याच रेषेत चालतोय ना.

आणि शिंका! रानकुत्री शिकारीला निघायचं की नाही हे शिंकून ठरवतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि तिकडे स्वतः पाहिल्याचीही शपथ घेत. तेव्हापासून घरातले निर्णय शिंकेवर. रविवारी रॅगलनला समुद्रावर जायचं का? ज्याला शिंक येईल त्याचं मत 'हो'. वसंत आला, आमच्या वायकाटो प्रांतभर गवताचे परागकण उडायला लागले की काकूंना 'हे फीवर' व्हायचा, शिंकांवर शिंका, आणि मग ऑक्टोबरभर त्या घरात काकूंचंच राज्य. एका वसंतात नवीन सोफा, नवीन पडदे आणि डिशवॉशर आला, सगळं बहुमताने.

दलदलीत पुकेको यायचे, निळे, लाल चोचीचे, शेपटी झटकत चालणारे. काका त्यांच्याशी नागपुरी मराठीत बोलायचे. म्हणायचे, ही आपली जांभळी पाणकोंबडी. नागपूरच्या तलावावर हिला पाहिलं, ओकावांगोत हिच्याच भाईबंदांना पाहिलं, आणि इथे उतरलो तर ही आधीच हजर. "तुला काय वाटतं, मी इथं कसा काय रमलो? ओळखीचं कोणीतरी होतं ना."

काकांना जाऊन आता काही वर्षं झाली. मी टौरंगाला असतो. बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेत रोज सकाळी अडकतो आणि मुलीला शाळेत सोडताना सांगायला लागतो की पाण्याची वाट बुजली तर पाणी चिडत नाही, शेजारून जातं. ती मागच्या सीटवरून म्हणते, "बाबा, प्लीज, नॉट द हिप्पो अगेन." मराठी कळतं तिला सगळं. म्हणून तर थांबवते.

तर त्या वर्षी जूनमध्ये काका तिकडे निघाले. एका जुन्या विद्यार्थ्याने बोलावलं होतं. तो आता स्वतः आजोबा झाला होता. पूर गावात येतानाचा एकदा परत पाहायचा, एवढंच काकांचं काम. काकू म्हणाल्या, "मी नाही येत. इतकी वर्षं डासांना रक्त देऊन झालं." त्या ऑकलंडला, ईस्ट टामाकीत लेकीकडे गेल्या, तिला नुकतं बाळ झालं होतं. घर माझ्यावर.

निघताना काका मला दलदलीपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "मागे कशाला हात लावू नको. काही करू नको."

आता तुम्हीच सांगा. आमच्या घरी वडीलधारं माणूस "तू काही करू नकोस हं" म्हणालं की त्याचा अर्थ काय होतो? आई म्हणायची, "राहू दे, तू काही करू नकोस, मी आवरते," आणि आपण खरंच काही केलं नाही तर पुढचे दोन दिवस भांडी आपटायची. आत्या म्हणायची, "माझ्यासाठी काही आणू नकोस रे," आणि रिकाम्या हाताने गेलेला भाचा तिने आजतागायत माफ केलेला नाही. काकांचं 'नको' वेगळं असतं हे मला माहीत होतं. पण ते मटणाबाबत. ही तर सेवेची गोष्ट होती. काका संकोचाने म्हणत असणार. म्हातारा माणूस, पाठ धरलेली, एवढं पाणी कसं काढणार, आणि भाडेकरूला कसं सांगणार?

त्यात जूनचा पाऊस; इथे जून म्हणजे हिवाळा, आणि पाऊसही तेव्हाच. पाणी चढत माझ्या खोलीच्या पायरीजवळ आलं. आणि साचलेल्या पाण्याचं माझं वैर लहानपणापासूनचं. आमच्या सोसायटीत महापालिकेची माणसं बॅटरी घेऊन यायची, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, गच्चीवरचे डबे तपासायची. आठवड्यातून एक दिवस सगळं कोरडं ठेवायचं, त्याला कोरडा दिवस म्हणायचे. वडील सोसायटीचे सेक्रेटरी. कुठे करवंटीत पाणी दिसलं तरी मला धावत पाठवायचे. अशा घरातल्या मुलाला काकांनी एक अख्खी दलदल सांभाळायला देऊन ठेवली होती.

कुंपणापलीकडचा शेतकरी, म्हातारा, गाईंइतकाच शांत. मी फावडं मागितलं. कशासाठी ते सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्याच्या बापाने म्हणे फार पूर्वी तिथे चर खणला होता, पाणी ओढ्याला सोडायला. काकांनी जमीन घेतल्यावर पहिलं काम काय केलं, तर तो चर बुजवला. "अबाउट टाइम, मेट!" असं म्हणून त्याने चर कुठून जायचा ते हाताने दाखवलं आणि गमबूटही दिले. "स्वीट ॲज!" मी म्हणालो, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. न्यूझीलंडच्या मातीशी आपली नाळ जुळली असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या क्षणी.

खणलं. बुजवलेला चर उकरला, आत झाडाच्या दिशेनेही जमेल तसा नेला. पाणी गुळगुळ करत ओढ्याला निघालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पाऊसही थांबला, पहाटे दंव पडायला लागलं, स्वच्छ ऊन. काही दिवसांत काळा चिखल वर आला. कडेला मी थोडी ब्लीचिंग पावडरही टाकणार होतो, पण हार्डवेअरच्या दुकानातल्या मुलीने ती कशासाठी हे विचारलं आणि मला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही.

काकू काकांना ऑकलंडच्या विमानतळावरून घेऊन आल्या. मी फाटकात उभा. काका गाडीतून उतरले, उन्हाने काळवंडलेले, इतके खुश की त्यांनी मला मिठी मारली. "पाहिला बे पूर! माझी पोट्टी, सगळी म्हातारी झाली, उलटं चालताना पडत होती!" आणि बॅग हातात तशीच घेऊन दलदलीकडे निघाले. मी मागोमाग, त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडायची वाट बघत.

ते काठावर थांबले. बॅग खाली ठेवली.

"काका, सगळं एकट्याने केलं," मी म्हणालो. "तुम्ही 'करू नको' म्हणालात, पण मी म्हटलं, असं कसं!"

काकूंनी तोंडावर हात ठेवला.

काकांनी जँडल्स काढल्या आणि त्या दंवाच्या चिखलात अनवाणी उतरले. झाडापर्यंत गेले. मुळांखाली कोपरापर्यंत हात घालून बराच वेळ काहीतरी चाचपत राहिले. परत आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट काळा झाला होता.

"खाली कोण राहतं, विचारलं का तू?" एवढंच ते म्हणाले.

खाली मासे राहत होते. इथे त्यांना मडफिश म्हणतात. बोटाएवढे, तपकिरी, अंगावर खवलं नाहीत. उन्हाळ्यात पाणी आटलं की ओल्या मुळांखाली, कुजक्या ओंडक्यांखाली पडून राहतात, श्वास घेत, पाण्याची वाट बघत. काकांना आदल्या वर्षीच त्यातला एक सापडला होता आणि त्यांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं, काकूंनाही नाही. ओकावांगोत चिखलात दिवस काढणारे मासे त्यांनी वर्गाला दाखवले होते. तसा जीव आपल्या मागच्या अंगणात निघावा, यासाठी त्यांनी इतकी वर्षं चर बुजवून पाणी राखलं होतं. आणि हे मासे अंडी घालतात नेमकी हिवाळ्यात, पाणी चढल्यावर. म्हणजे मी खणत होतो तेव्हा.

"मोठे तगतील," काका म्हणाले. "त्यांना सवय आहे. पण यावर्षीची पिल्लं..." आणि घरात गेले.

रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ओढ्याकडचा चर पुन्हा बुजवला. माती, ओंडके, हारकेकेची मुळं. ते अख्ख्या वेळात "इकडे" आणि "तिकडे" याखेरीज काही बोलले नाहीत. मी नवीन खोली बघतो म्हणालो, तर म्हणाले, "का?" मी खरंच जायला हवं का, हे विचारायची हिंमत झाली नाही, कारण त्यांनी हो म्हटलं असतं तर ते हो म्हणजे होच असतं.

पाऊस परत आला. पाणी हळूहळू झाडापर्यंत चढलं. काका रोज सकाळी शर्ट-गमबूट घालून, पांढरी चिनी मातीची ताटली घेऊन काठावर बसायचे. ताटली पाण्यात बुडवायची, उचलायची, बघायची, सोडायची. काही नाही. जेवायला बसले की भात वेगळा खायचे, वरण वेगळं प्यायचे. वाळवंटात नदी येईना. काकूंनी एकदा मुद्दाम जोरात शिंक काढून बघितली; काकांनी मान वर केली नाही. तेव्हा मला कळलं, मी काय केलंय ते. कुठल्या तरी माशांचं नुकसान, इथपर्यंत मी समजून होतो. पण तो माणूस दोन देश मागे टाकून आला होता आणि तिसऱ्यात त्याने स्वतःचा एक तुकडा जमवला होता, काळ्या पाण्याचा. त्यात मी फावडं घातलं होतं.

मी माझ्या परीने प्रायश्चित्त घेतलं. बादलीने ओढ्याचं पाणी आणून ओतायला लागलो. काकूंनी खिडकीतून ओरडून विचारलं, "आता काय करून राहिला बे? नदी भरून राहिला का हाताने?"

मग ऑगस्ट उजाडला. मी गोदामात होतो. फोन वाजला. काका कधी फोन करत नसत.

"ये," ते म्हणाले आणि ठेवला.

मला वाटलं, काकूंना काही झालं. किंवा स्वतः काकांना. सुपरवायझरला काहीतरी सांगून गाडी काढली. ते रापाचे सिग्नल कसे ओलांडले, आठवत नाही. घरात कोणी नाही. मागे धावलो. काका आणि काकू, दोघं काठावर उकिडवे बसले होते, डोक्याला डोकं लावून, ताटलीवर वाकून.

"हळू," काका म्हणाले.

ताटलीत पाणी. आधी काहीच दिसेना. मग पांढऱ्यावर तांदळाच्या कणीसारखं काहीतरी हललं. त्याला दोन डोळे होते. मग दुसरं. काकूंनी माझा हात घट्ट धरला. काका ताटलीला अगदी हळू, वर्गातल्या लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाले, "आली का बे तुम्ही?"

मला इतकं हलकं वाटलं की जिभेवरचा ताबा सुटला.

"म्हणजे काका," मी म्हणालो, "माझ्यामुळे तसं काही बिघडलं नाही!"

काकांनी ताटली जपून पाण्यात सोडली. उठले, गमबुटांनी पाण्यात शिरले आणि मला बोलावलं. काहिकाटेआच्या मुळांपाशी पाणी काळं, खोल होतं. त्यांनी माझा हात धरून तळाशी नेला. तिथे माझ्याच चराची कड लागली.

"तुला उतार कळला नाही," काका म्हणाले. "बाहेरच्या बाजूला ठीक होतं, म्हणून निम्मं पाणी ओढ्यात गेलं. पण इकडे आत आला तेव्हा तू उलटं खणलं. बाकीचं सगळं पाणी वाहत येऊन या झाडाखाली बसलं. आलो त्या दिवशीच हाताला लागलं होतं, पण खात्री नव्हती. अंडी इथं राहिली, ओली."

मी तोंड पुसलं. छाती जरा फुगलीच. "म्हणजे एका अर्थी, काका, वाचवलं मीच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. कित्येक आठवड्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"चांगलं खणणारा कोणी असता तर एक पिल्लू राहिलं नसतं," ते म्हणाले. "तुला कोणतंच काम धड येत नाही, हे या माशांचं नशीब."